जुनी टोपोशीट कशी वाचावी: वायोमिंगची विंड रिव्हर रांग आणि पायथ्याची कुरणं

नकाशा उघडला की आपली नजर आधी सगळ्यात उंच शिखराकडे जाते. सह्याद्रीत भटकणाऱ्यांची तर ही खोडच आहे. जुन्या अमेरिकन टोपोशीटवर (जमिनीचा चढउतार रेषांनी दाखवणाऱ्या सरकारी नकाशावर) मात्र ती सोडावी लागते. तिथं आधी पाणी बघायचं, मग गवत, मग कुंपण आणि शिखर अगदी शेवटी. कारण त्या काळात मोजणीदार पैशाच्या मागून जायचा आणि पैसा खोऱ्यात होता. जमीन सरकारकडून कोणाच्या तरी नावावर व्हायची असेल, तर ती आधी मोजावी लागे. ग्रॅनाइटचा कडा नावावर करून घ्यायला कोण येणार? म्हणून खोरं बारीक आणि डोंगर ढोबळ. एवढं ध्यानात ठेवलंत तर अर्धं काम झालं.

उदाहरणासाठी मी वायोमिंगच्या पश्चिमेची विंड रिव्हर पर्वतरांग घेतली आहे. सुमारे १०० मैल लांब अशी ही रांग, आणि तिच्या कण्यावरून खंडाचा पाणलोट जातो. पश्चिमेला पडलेला पाऊस ग्रीन नदीतून कोलोरॅडोला मिळतो, पूर्वेचा मिसिसिपीकडे जातो. वर ब्रिजर, फिट्झपॅट्रिक आणि पोपो एजी ही कायद्यानं राखलेली तीन रानं आहेत. तिथं मोटार नाही, रस्ता नाही. पूर्वेला ईस्टर्न शोशोनी आणि नॉर्दर्न अरापाहो या जमातींचा प्रदेश आहे. पश्चिम पायथ्याला पाइनडेल, कोरा, बिग पायनी ही गुराख्यांची गावं आणि त्यांच्याभोवती मैलोन् मैल रँच, म्हणजे गुरं पाळायच्या मोठ्या जमिनी. रान आणि रँच इतके खेटून असल्यामुळे नकाशा शिकायला ही जागा उत्तम.

डेन्व्हर किंवा सॉल्ट लेक सिटीकडची आपली मंडळी सुट्टीत इथं तंबू घेऊन जातात, त्यांना या लेखाचा थेट उपयोग होईल. पण पुण्यात बसूनही हा अभ्यास करता येतो, कारण अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्यानं आपल्या जुन्या शीट स्कॅन करून फुकट ठेवल्या आहेत. आपल्याकडे एकेका शीटसाठी लोकांनी किती खेटे घातलेत हे आठवलं, की पहिल्या डाउनलोडला जरा अपराध्यासारखंच वाटतं.

आधी पिढ्या ओळखा

या रांगेच्या नकाशांच्या ढोबळ चार पिढ्या आहेत. नकाशा कोणत्या पिढीचा हे कळलं की त्याच्यावर किती विसंबायचं तेही कळतं.

पहिली पिढी शोधमोहिमांची. ऑगस्ट १८४२ मध्ये जॉन फ्रेमाँट इथं आला. सोबत नकाशे काढणारा चार्ल्स प्रॉइस होता. उंची मोजायला पाऱ्याचा बॅरोमीटर होता आणि तो ऐन डोंगराच्या तोंडाशी फुटला. खालची काचेची वाटी गेली. फ्रेमाँटनं एक पारदर्शक बारुदाचं शिंग घेतलं, ते उकळून मऊ केलं, लाकडावर ताणून हव्या त्या मापाचं केलं, खरवडून पातळ केलं आणि बायसनपासून केलेल्या डिंकानं चिकटवलं. हा जुगाड घेऊन तो एका शिखरावर चढला. उंची आली १३,५७० फूट. तो चढला ते आजचं फ्रेमाँट शिखर की शेजारचं दुसरं, यावर अजून वाद आहे. ते फ्रेमाँट शिखरच धरलं तर आकडा पावणेदोनशे फुटांच्या आसपास कमी भरतो. शिंगाच्या बॅरोमीटरला हे शाबासकी देण्याजोगं आहे. हे रॉकी पर्वतातलं सर्वोच्च शिखर, हा त्याचा समज मात्र साफ चुकला. ते शिखर या रांगेतही पहिलं नाही.

दुसरी पिढी १८७७-७८ ची, फर्डिनंड हेडनच्या सर्वेक्षणाची. त्रिकोण मोजत शिखरं एकमेकांना जोडली गेली आणि इंचाला चार मैल अशा प्रमाणावर नकाशे निघाले. तिसरी भूगर्भ सर्वेक्षणाची, विसाव्या शतकाच्या सुरुवातीची. तिपाईवर सपाट फळी, फळीवर कागद आणि त्यावर दुर्बिणीची पट्टी ठेवून नकाशा जागच्या जागी काढायचा. चौथी १९६० च्या दशकातली, विमानातून घेतलेल्या छायाचित्रांवरून केलेली. २००९ नंतरचे नकाशे संगणकातल्या साठ्यातून आपोआप तयार होतात. आपल्या कामाला ते फारसे उपयोगी नाहीत. त्यांत झोपडी, कॉरल (गुरांचा कोंडवाडा), विहीर यांसारख्या बारीकसारीक गोष्टी बऱ्याचदा गळलेल्या असतात.

पायरी १: शीट शोधणं

खात्याचं टोपोव्ह्यू नावाचं संकेतस्थळ उघडा. नकाशावर ग्रीन रिव्हर लेक्सवर या आणि त्या बिंदूवर टिचकी मारा. त्या जागेच्या सगळ्या शीट बाजूच्या यादीत येतात. प्रमाणानुसार गाळणी लावा. आपल्याला दोन प्रमाणं हवीत: १:१,२५,००० आणि १:२४,०००.

पहिल्या प्रमाणाची ‘फ्रेमाँट पीक’ ही शीट घ्या. ती ३० मिनिटांची आहे, म्हणजे अक्षांश आणि रेखांश दोन्हींत अर्धा अंश. दुसऱ्या प्रमाणाच्या शीट साडेसात मिनिटांच्या. हिशोब करा: एका जुन्या शीटच्या जागेत सोळा नव्या बसतात. सोळाही उतरवायची गरज नाही. ‘गॅनेट पीक’, ‘स्क्वेअरटॉप माउंटन’ आणि ‘ग्रीन रिव्हर लेक्स’ या तिघांनी सुरुवात करा. हिमनदी, कडे आणि कुरण असे तिन्ही नमुने त्यांत मिळतात.

फाइल जिओटिफ प्रकारची घ्या. तिच्यात जागेची माहिती आधीच भरलेली असते. जेपेग दिसायला सुटसुटीत, पण ती नुसतं चित्र असते. आणि एकाच नावाच्या शीटच्या अनेक आवृत्त्या दिसल्या तर सगळ्या उतरवा. गंमत त्यांच्यातल्या फरकातच असते.

पायरी २: चौकटीबाहेरचा मजकूर

ही पायरी सगळे गाळतात. मीही गाळायचो. नकाशाच्या आत शिरण्यापूर्वी चारही कडा वाचून काढा आणि वहीत या गोष्टी टिपा: मोजणीचं वर्ष, आवृत्तीचं वर्ष, पुनर्मुद्रणाचं वर्ष, प्रमाण, समोच्च रेषांमधलं (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांमधलं) अंतर, पायाभूत संदर्भ (जागा कशाच्या आधारानं मोजल्या तो पाया) आणि चुंबकीय उत्तरेचा कोन.

सगळ्यात जास्त फसवतं ते पुनर्मुद्रणाचं वर्ष. शीटवर १९४० च्या दशकातलं वर्ष ठळक छापलेलं असतं आणि आतला तपशील असतो तीस-चाळीस वर्षं जुना. त्या शीटवरून ‘१९४० मध्ये इथं अजून पायवाट होती’ असं लिहाल तर फसाल. मोजणीचं वर्षच खरं.

१:२४,००० च्या शीटवर आणखी एक तारीख असते, विमानातून छायाचित्रं घेतल्याची. ती वेगळी नोंदवा, पुढे हिमनद्यांपाशी लागेल. नकाशावर काही खुणा जांभळ्या दिसल्या तर त्या नंतरच्या छायाचित्रांवरून घातलेल्या समजा. प्रत्यक्ष जागेवर जाऊन तपासलेल्या नव्हेत.

पायरी ३: रेषा कुठून आल्या ते विचारा

जुन्या शीटवर दोन समोच्च रेषांमध्ये १०० फूट, नव्या शीटवर डोंगराळ भागात बहुतेक ४० फूट. पण खरा फरक अंतराचा नाही, रेषा काढली कशी त्याचा आहे.

फळी मांडून काम करणारा माणूस काही बिंदूंची उंची मोजायचा आणि मधली रेषा डोळ्यांनी बघत हातानं काढायचा. जिथं तो पोचला तिथली रेषा बोलकी असते. जिथं समोरच्या कड्यावरून नुसतं पाहिलं, तिथली गुळगुळीत. एकदा हे ओळखायला लागलात की गंमत येते. जुन्या शीटवर स्क्वेअरटॉप डोंगराच्या आसपासची एक घळ घ्या, झूम करा, आणि तीच घळ १९६० च्या दशकातल्या शीटवर बघा. जुन्यात लोण्यातून बोट फिरवल्यासारखा उतार, नव्यात दातेरी. डोंगर तोच. पहिल्या माणसाला तिथं जायचं कारण नव्हतं, दुसऱ्याला जायची गरज उरली नव्हती, कारण विमान वरून गेलं होतं.

अचूकतेचा एक साधा आडाखा सांगतो. नकाशावर पेन्सिलीची अर्ध्या मिलिमीटरची रेघ १:१,२५,००० वर जमिनीवरच्या ६२ मीटरांएवढी होते आणि १:२४,००० वर १२ मीटरांएवढी. १९४७ च्या अमेरिकन निकषांनुसार १:२४,००० च्या शीटवरचे स्पष्ट ओळखू येणारे ९० टक्के बिंदू ४० फुटांच्या आत बसायला हवेत. जुन्या शीटला असा कोणताही निकष नव्हता. म्हणून जुन्या नकाशावर ‘झोपडी ओढ्याच्या उत्तरेला’ एवढंच म्हणा. ‘ओढ्यापासून ३५ मीटरवर’ असं कधी म्हणू नका.

आणि जीवावर बेतणारी गोष्ट: ४० फुटांच्या अंतरात ३५ फुटांचा कडा सहज लपतो. नकाशावर उतार सौम्य दिसला म्हणजे दोर नको असं नाही.

शिखरांच्या उंचीचं थोडक्यात. गॅनेट शिखर विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या छापील साहित्यात १३,७८५ फूट दिसतं, नंतर १३,८०४ झालं, आणि आजकाल आणखी काही फूट वाढलेलं दिसतं. डोंगर वाढला नाही. आधी मोजमाप सुधारलं, नंतर उंची मोजायचा पायाच बदलला, १९२९ चा जाऊन १९८८ चा आला. या शिखराला नाव मिळालं हेन्री गॅनेटचं. भूगर्भ सर्वेक्षणाचा तो मुख्य भूगोलतज्ज्ञ होता आणि त्याआधी हेडनच्या हाताखाली राबला होता. नकाशेवाल्याच्या नावानं राज्यातलं सर्वोच्च शिखर, हे मला मनापासून आवडतं.

पायरी ४: नकाशा जागेवर बसवणं

जिओटिफ घेतली असेल तर ती क्यूजीआयएस या नकाशांच्या संगणक-प्रणालीत टाकली की आपोआप जागेवर येते. तरीही तपासा. तपासायला तळ्याचं तोंड किंवा दोन ओढ्यांचा संगम घ्या. शिखर घेऊ नका. जुन्या शीटवर शिखराची खूण कुठे पडली हा नशिबाचा भाग असतो, तळ्याचं तोंड मात्र शंभर वर्षांत सहसा हलत नाही. वर बांध घातला आहे का तेवढं पाहून घ्या.

तुमच्याकडे नुसतं स्कॅन असेल तर ते स्वतः बसवावं लागेल. ३० मिनिटांच्या शीटवर दर १० मिनिटांना अक्षांश-रेखांशाच्या रेघा असतात, म्हणजे चार गुणिले चार असे सोळा छेदबिंदू. सोळाही द्या. चार कोपरे देऊन काम उरकू नका, कारण जुना कागद सगळीकडे सारखा आकसलेला नसतो. रूपांतराचा प्रकार पहिल्या घाताचा बहुपदी (नकाशा न वाकवता बसवणारा) ठेवा. ‘थिन प्लेट स्प्लाइन’ निवडलंत तर चूक शून्य दिसेल आणि तुम्ही खूश व्हाल. ती चूक गेलेली नसते, रबरासारखा ताणून नकाशा तिच्यावर पांघरलेला असतो.

आता पायाभूत संदर्भ. १:२४,००० च्या या काळातल्या शीट नॅड-२७ या जुन्या अमेरिकन संदर्भावर आहेत. तुमचा फोन डब्ल्यूजीएस-८४ या आजच्या संदर्भावर. शीटच्या कडेचे मीटरमधले आकडे जसेच्या तसे फोनमध्ये घातले तर बिंदू सुमारे २०० मीटर दक्षिणेला पडतो. पहिल्या खेपेला मी एका काउ कॅम्पचे (गुरं राखणाऱ्याच्या झोपडीचे) आकडे असेच घातले. घरी टेबलाशी बसून, चहा पीत, आत्मविश्वासानं. झोपडी नदीपलीकडे जाऊन बसली. मी अर्धा तास ‘नदीनं पात्र बदललं असावं’ यावर विचार करत होतो! नदी निर्दोष होती. क्यूजीआयएसमध्ये या शीटच्या मीटरच्या आकड्यांसाठी ईपीएसजी (संदर्भाचा सांकेतिक क्रमांक) २६७१२ निवडा आणि अंश-मिनिटांसाठी ४२६७. त्यानंतर ते आकडे आजच्या संदर्भात बदलून घ्या.

जाता जाता: नॅड-२७ चा मूळ बिंदू कॅन्ससमधल्या मीड्स रँच नावाच्या जागी आहे. अख्ख्या देशाच्या नकाशाचं टाचण एका गुरांच्या कुरणात रोवलेलं.

पायरी ५: रँच वाचणं

इथं सावकाश चला. वेळ काढून बसायची पायरी हीच.

आधी निळ्या रेषा बघा. या भागात पावसावर शेती होत नाही. डोंगरातलं बर्फ वितळून येणारं पाणी पाटानं कुरणात सोडायचं, गवत वाढवायचं, कापून वाळवायचं आणि त्यावर हिवाळाभर गुरं जगवायची. म्हणजे रँचचा जीव पाटात. नकाशावर ओढा आणि पाट दोन्ही निळे. ओळखायचे कसे? ओढा समोच्च रेषेला छेदतो, आणि छेदताना ती रेषा वरच्या अंगाला टोक काढून वळते. पाट समोच्च रेषेला चिकटून चालतो, अगदी थोडा थोडा खाली उतरत. पाइनडेलच्या आसपासच्या शीटवर एक निळी रेषा बोटानं धरा आणि ती किती वेळात पुढची तपकिरी रेषा ओलांडते ते बघा. मैलभर गेली तरी एकही ओलांडत नसेल तर तो पाट. आपल्याकडच्या कालव्याला हाच नियम लागतो, पण आपण कधी नकाशावर तपासत नाही.

पाट कळला की त्याचं मूळ शोधा. तो ओढ्यातून जिथं फुटतो तिथून पाणी घ्यायचा हक्क कोणाचा, हा पुढचा प्रश्न. वायोमिंगच्या १८९० च्या राज्यघटनेनं पाणी राज्याच्या मालकीचं केलं, आणि ज्यानं आधी वापरलं त्याला आधी मिळेल हा नियम पक्का झाला. ही घडी बसवणारा राज्याचा पहिला अभियंता एलवुड मीड. हूव्हर धरणामागचा मोठा जलाशय त्याच्याच नावाचा. राज्याच्या पाण्याच्या नोंदींत पाटाच्या नावावरून हक्काचं वर्ष शोधता येतं. नकाशावरचं पाटाचं नाव म्हणूनच फार मोलाचं.

मग कुंपण. १:२४,००० च्या शीटवर कुंपणाच्या बारीक लाल तुटक रेषा असतात. या रेषा कुठे संपतात ते बघा. वर डोंगराकडे जाताना एका ठिकाणी त्या थांबतात. तिथं बहुधा खाजगी जमीन संपते आणि सरकारी रान सुरू होतं. आजच्या मालकीच्या रंगीत नकाशाशी हे जुळवून बघा. जमीन व्यवस्थापन खात्याच्या १:१,००,००० च्या नकाशांत त्या खात्याची जमीन पिवळी, राज्याची निळसर, वनखात्याची हिरवी आणि खाजगी पांढरी असते. ओढ्याकाठानं पांढरी नागमोडी पट्टी दिसेल. पहिल्या रँचवाल्यांनी नुसती पाण्याकाठची जमीन नावावर करून घेतली. भोवतालचं गवत पाण्यावाचून दुसऱ्या कोणाच्या कामाचं नव्हतंच.

तिसरी गोष्ट झोपड्यांची. वर डोंगरात एकटा काळा चौकोन आणि शेजारी ‘कॅबिन’ किंवा ‘काउ कॅम्प’ लिहिलेलं दिसलं तर ते घर नाही. उन्हाळ्यात गुरं वर न्यायची, तेव्हा राखणाऱ्याच्या मुक्कामाची ती जागा. जवळ झरा असतोच. झरा दिसत नसेल तर आणखी झूम करा, निळा ठिपका सापडेल. आपल्याकडच्या टोपोशीटवर पठारावर सुटा धनगरवाडा दिसला की आपण पाणी शोधतो, तसंच.

चौथी वाट. ग्रीन नदीच्या वरच्या खोऱ्यात १८९० च्या दशकापासून एकाच मार्गानं गुरं वसंतात वर जातात आणि थंडी पडली की खाली येतात. खाली येताना ती बरीचशी आपापल्या मनानं येतात, म्हणून या वाटेचं नाव ‘ड्रिफ्ट’. पन्नासहून अधिक मैलांची ही वाट २०१३ मध्ये अमेरिकेच्या ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीत गेली. आजही ती वापरात आहे. आता जुन्या शीटवर ती शोधा. सलग रेषा मिळणार नाही. कुठे पायवाट, कुठे ‘स्टॉक ड्राइव्हवे’ असे शब्द, कुठे दोन कुंपणांमधली अरुंद मोकळी पट्टी, कुठे पूल. हे तुकडे एका वेगळ्या थरावर जोडत जा. मला हा खेळ शिखर चढण्यापेक्षा जास्त आवडतो, हे ट्रेकर मित्रांना सांगत नाही.

आणि रिकामी जागा? तिला रिकामी समजू नका. शोशोनी लोकांचा वावर या उंच पठारांवर होता. २००६ मध्ये साडेदहा हजार फुटांच्याही वर एका उतारावर पन्नासहून अधिक घरांच्या जागा सापडल्या. शंभर वर्षांच्या नकाशांत त्या उतारावर नुसत्या तपकिरी रेषा.

पायरी ६: चौरसांचं जाळं

नकाशावर मैलामैलाचे चौरस दिसतात ना, ती अमेरिकेची मोजणी. सहा मैल गुणिले सहा मैलांची एक टाउनशिप, तिच्यात ३६ भाग, प्रत्येक भाग ६४० एकर. क्रमांक ईशान्येच्या कोपऱ्यात १ पासून सुरू होतात, डावीकडे ६ पर्यंत जातात, मग खालच्या ओळीत ७ पासून उजवीकडे. शेतात बैल वळतो तसे. वायोमिंगमध्ये १६ आणि ३६ हे भाग शाळांसाठी राखले होते. कुरणाच्या मधोमध एकटा निळसर चौरस दिसतो तो त्यांचाच.

मोजणी ६६ फुटांच्या गुंटर साखळीनं होई. मैलाला ८० साखळ्या, दहा चौरस साखळ्यांचा एकर. आता आपला गुंठा आठवा: ३३ फूट गुणिले ३३ फूट. अर्धी साखळी! चाळीस गुंठ्यांचा एकर का, याचं उत्तर या साखळीत आहे. सातबारा वाचणाऱ्याला वायोमिंगची टाउनशिप परकी वाटायला नको.

आता जनरल लँड ऑफिसच्या (सरकारी जमिनीच्या जुन्या खात्याच्या) नोंदींच्या संकेतस्थळावर जा. राज्य, मध्यान्ह रेषा (मोजणी जिच्यापासून सुरू झाली ती उत्तर-दक्षिण रेषा), टाउनशिप आणि रेंज (त्या चौरसाचे उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम क्रमांक) भरा. मूळ मोजणीचा नकाशा आणि मोजणीदाराची टिपणवही उघडते. वहीत तो साखळ्या मोजत चाललेला असतो: इथं ओढा ओलांडला, रुंदी इतक्या कड्या, इथं दगड रोवला, माती दुसऱ्या प्रतीची. घर, कुंपण, पाट लागले तर त्यांचीही नोंद. टोपोशीटच्या कितीतरी वर्षं आधीचं रँचचं चित्र इथं मिळतं. मात्र एक सावधगिरी. पश्चिमेत काही कंत्राटी मोजणीदारांनी तंबूत बसून खोट्या वह्या भरल्याचं उघड झालेलं आहे. टिपणातला ओढा जमिनीवर सापडतच नसेल तर आधी टिपणावर संशय घ्या.

एक खाचखळगा: रांगेच्या पश्चिमेची मोजणी सहाव्या मुख्य मध्यान्ह रेषेवरून झाली आणि जमातींच्या प्रदेशाची विंड रिव्हर मध्यान्ह रेषेवरून. दोन जाळी, दोन क्रमांक. टाउनशिपचा आकडा बरोबर घालूनही भलताच नकाशा उघडला तर हेच कारण. आणि उंच डोंगरात चौरस तुटक होतात किंवा नसतातच. साखळी तिथवर गेलीच नाही.

पायरी ७: हिमनद्या आणि नावं

१:२४,००० च्या शीटवर तपकिरी समोच्च रेषा हिमनदीवर चढताच निळी होते. ही रंगबदलाची कड ‘गॅनेट पीक’ शीटवर बारकाईनं आखून घ्या आणि आजच्या उपग्रह चित्रावर ठेवा. फरक दिसेल आणि तो मोठा असेल. पण तुलना करण्यापूर्वी दुसऱ्या पायरीत टिपलेली छायाचित्राची तारीख बघा. छायाचित्र उन्हाळ्याच्या सुरुवातीचं असेल तर बर्फाचा थर हिमनदी म्हणून आखला गेलेला असू शकतो. उपग्रह चित्र ऑगस्टअखेरचं किंवा सप्टेंबरचं घ्या.

नावांचा वेगळा तक्ता करा: शीट, वर्ष, छापलेलं नाव, आजचं नाव. अमेरिकेचं भौगोलिक नावांचं मंडळ १८९० पासून आहे आणि त्याला मालकी दाखवणारं स्वल्पविरामासारखं चिन्ह नावात सहसा चालत नाही. नाव शोधताना ते काढून शोधा. २०२२ मध्ये आदिवासी स्त्रियांना हिणवणारा एक शब्द सरकारी जागांच्या साडेसहाशेच्या आसपास नावांतून काढला गेला. त्यामुळे जुन्या शीटवरचं नाव आजच्या शोधात सापडत नसेल तर नाव बदललं का ते आधी तपासा.

पायरी ८: शीट घेऊन डोंगरात

होकायंत्र वापरणाऱ्या मराठी माणसाची इथं हमखास चूक होते, कारण पुण्या-मुंबईकडे चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांच्यातला फरक जवळजवळ शून्य. आपल्याला हा फरक काढायची सवयच नाही. विंड रिव्हरमध्ये १९६० च्या दशकात तो पूर्वेकडे १५ अंशांहून जास्त होता आणि आज १०-११ अंशांच्या आसपास आहे. शीटवर छापलेला कोन वापरलात तर पाच अंशांची चूक, म्हणजे दर किलोमीटरला ८७ मीटर. आजचा कोन निघण्यापूर्वी बघा आणि शीटवर पेन्सिलीनं लिहा.

जुन्या शीटवर पायवाट आहे म्हणून तिथून जायचा हक्क आहे असं नाही. ती खाजगी कुरणातून गेली असेल तर आधी विचारा. पूर्वेकडून जमातींच्या हद्दीतून जायचं असेल तर त्यांचा परवाना लागतो. जुन्या झोपडीच्या जागी पोचलात तर फोटो काढा, आकडे टिपा, पण खिळाही उचलू नका.

आणि वाटेत कुंपणाला दार लागलं तर ते सापडलं तसं ठेवा. बंद होतं तर मागे बंद करा, उघडं होतं तर उघडंच राहू द्या. पलीकडे पाणी असेल आणि गुरं तिकडेच निघाली असतील.